घरच्या वर्कशॉपातले पहिले तीन प्रोजेक्ट: टेबल, सिरीज बोर्ड आणि पॉवर सप्लाय

घरात वर्कशॉप चालू करायचंय म्हटलं की नवीन माणूस आधी मशिनांकडं वळतो. ड्रिल कुठली घेऊ, ग्राइंडर लागेल का, ऑनलाइन एवढ्या नगांचा सेट स्वस्तात मिळतोय तो बरा का, आणि मग सामान घरी येतं, पडद्याच्या रॉडसाठी चार भोकं पाडली जातात आणि बॉक्स माळ्यावर जातो. त्या अवजारांना पुढं कामच मिळत नाही.

म्हणून नव्या माणसाला माझं एकच सांगणं असतं, पहिले तीन प्रोजेक्ट वर्कशॉपसाठीच करा. एक कामाचं टेबल, एक सिरीज बोर्ड (दुरुस्त केलेली वस्तू थेट लाइनला न लावता आधी बल्बमधून करंट देऊन तपासायचा बोर्ड) आणि एक व्होल्टेज कमीजास्त करता येणारा छोटा डीसी पॉवर सप्लाय. टेबल करताना माप, काटकोन, करवत, स्क्रू हे हातात बसतं. सिरीज बोर्ड करताना घरच्या करंटशी कसं वागायचं ते कळतं. पॉवर सप्लायमध्ये सोल्डरिंग आणि मीटर येतं. आणि पुढं काहीही करा, रेडिओ दुरुस्त करा नाहीतर पोरांच्या शाळेचं मॉडेल करा, ते ह्याच टेबलावर, ह्याच बोर्डावर तपासून, ह्याच सप्लायवर चालवून होणार आहे. क्रम पण हाच ठेवा, कारण दुसरं काम पहिल्यावर बसून होतं आणि तिसरं दुसऱ्यावर तपासलं जातं.

मी सांगलीचा, त्यामुळं ठिकाणं इथली येतील. साताऱ्या-कऱ्हाडकडच्यांना त्यांच्या एमआयडीसीच्या आसपास हेच सगळं मिळतंय. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून ह्या पट्ट्यात लोखंडाचं काम जाणणारी माणसं आहेत. कुठल्याही लेथवाल्याकडं जाऊन नीट विचारलं, दोन मिनिटं थांबायची तयारी ठेवली, तर लोक भरभरून सांगतात.

जागा आणि करंट

सहा बाय पाच फुटांचा कोपरा पुरतो. गॅलरी, जिन्याखालची जागा, गच्चीवरची पत्र्याची खोली, काहीही चालेल, फक्त उजेड डाव्या बाजूनं किंवा समोरून आला पाहिजे म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही (डावखुऱ्यांनी उलटं धरा). सांगलीत अजून एक गोष्ट बघायची ती म्हणजे पाणी. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, नदीकडच्या भागात तळमजल्यावर वर्कशॉप करणार असाल तर मशिनं आणि इलेक्ट्रिकचं सामान खाली ठेवूच नका. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की सामान वर न्यायचं, ४५ ची धोका पातळी यायची वाट बघत बसायचं नाही. साताऱ्याकडं पुरापेक्षा पावसाळी ओल जास्त त्रास देते, करवत आणि कानशीवर चार दिवसात तांबेरा चढतो. काम झालं की मशीन ऑइलचा बोळा सगळ्या लोखंडावरून फिरवायचा, एवढं केलं तरी पुरतं. कानशीला मात्र तेल लावायचं नाही, ती घसरायला लागते. ती कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा.

आता करंट. ह्या कोपऱ्यातल्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनला बोलावून तपासून घ्या. बऱ्याच जुन्या घरात तिसऱ्या पिनेचं भोक असतं आणि मागं वायरच नसते. आणि घराला ३० मिलिअँपची आरसीसीबी नसेल तर ती बसवून घ्या. एमसीबी असते तिचं काम वायर जळू नये एवढंच, माणसाला शॉक बसला तर ती पडतच नाही, कारण माणसाला मारायला लागणारा करंट तिच्या हिशोबात काहीच नाही. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट मोजत बसते आणि फरक पडला की तोडते. पहिला खर्च हाच. ड्रिल नंतर घ्या.

हत्यारं

मोजमाप करायला टेप आणि गुण्या (काटकोन बघायचा). कापायला बारीक दात्याची हातकरवत आणि एक हॅक्सॉ. हातोडी, पक्कड, वायर कटर, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चपटी कानस, टेस्टर, साधा डिजिटल मल्टीमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न. आणि डोळ्यांसाठी चष्मा, रोजचा नंबरचा नव्हे, बाजूनं झाकणारा. ड्रिल पहिल्या वेळी कुणाकडून तरी मागून आणली तरी चालते. ग्राइंडर ह्या तीन कामांना लागतच नाही, आणि जेव्हा घ्याल तेव्हा त्याचं गार्ड काढून वापरायचं नाही, त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावायचं नाही. ते पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं, आणि हे सेकंदाच्या आत होतं. ड्रिल चालवताना हातमोजे, ओढणी, सैल बाह्या, हातातलं कडं, काही नको.

हातानं किती बारीक काम होतं ते बघायचं असेल तर मिरजेला सतारमेकर गल्लीत चक्कर मारा आणि कोणी तंबोऱ्याची जवारी लावत असेल तर बाजूला उभं राहून बघा. घोडीवर कानस हलकेच दोनचारदा फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा किंचित सरकवायचा, कान देऊन ऐकायचं, परत कानस. घोडीचं किती घासलं गेलं ते डोळ्याला दिसत नाही, आवाजात मात्र लगेच कळतं. शिकलगार घराण्यांचं हे काम, ज्यांचं मूळ काम हत्यारांना धार लावायचं, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. आपल्याला त्यातलं एवढंच उचलायचंय की कानस पुढं जाताना कापते, मागं येताना ती थोडी उचलायची, आणि दर दोनचार फेऱ्यांनी थांबून तपासायचं.

पहिलं काम: टेबल

लाकूड नवीन घेऊ नका. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत मशिनरी ज्या पेट्यातून आणि पॅलेटवरून येते ते लाकूड नंतर विकलं जातं, पाइनचं असतं, हलकं आणि कापायला मऊ. घेताना शिक्का बघायचा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर भाजून छापल्यासारखा शिक्का असतो, त्यात इंग्रजीत एच-टी असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे, ते घ्या. एम-बी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, तो विषारी गॅस, ते घरात आणू नका. तेलाचे नाहीतर केमिकलचे डाग असलेलं पण नको.

वरच्या फळीसाठी १८ एमएमचा प्लाय. आख्खा शीट आठ बाय चार फुटांचा असतो, त्याचे चार बाय दोनचे चार तुकडे पडतात, आपल्याला त्यातला एकच हवाय. प्लायवाल्याकडं कट पीस असतात, विचारून घ्या. जुना फ्लश डोअर मिळाला तर अजून झकास, तो वजनदार असतो आणि टेबल हलत नाही.

उंची ठरवताना सरळ उभं राहा, हात सैल सोडा, मनगट जमिनीपासून किती वर आहे ते कुणाला तरी मोजायला सांगा. तीच तुमच्या टेबलाची उंची. बहुतेकांची ३२ ते ३५ इंचात येते. आपण ३४ धरू. आता सुताराच्या हिशोबानं बोलायचं तर एका इंचाचे आठ सूत, आणि १८ एमएमचा प्लाय म्हणजे जवळजवळ सहा सूत, पाऊण इंच. म्हणजे पाय कापायचे सव्वातेहतीस इंचाचे. चारही पाय एकदम मापून कापायचे नाहीत. पहिला नीट कापायचा आणि बाकीचे तीन त्याच्याच शेजारी ठेवून खूण करायची, म्हणजे टेप थोडा चुकला तरी चारही सारखेच चुकतात आणि टेबल डगमगत नाही. करवत रेघेवरून चालवायची नाही, रेघेच्या बाहेरच्या बाजूनं चालवायची, कारण करवतीच्या जाडीएवढं लाकूड भुशात जातं.

मग वरची चौकट. प्लाय ४८ बाय २४ इंच आहे तर चौकट बाहेरून ४४ बाय २० ची करा, चारी बाजूनं दोन-दोन इंच प्लाय बाहेर राहतो आणि तिथं शिकंजा (काम आवळून धरायचा क्लँप) लावता येतो. लांब दोन पट्ट्या ४४ च्या. आखूड दोन पट्ट्या लांब पट्ट्यांच्या मधे बसणार, म्हणून २० मधून पट्टीची जाडी दोनदा वजा करायची, पट्टी एक इंचाची असेल तर १८. हे वजा करायचं राहून गेलं की चौकट दोन इंचानं जास्त रुंद होते आणि प्लाय त्या दोन बाजूंना एकेकच इंच बाहेर राहतो, शिकंज्याला जागा कमी पडते.

पट्ट्या जमिनीवर मांडा, सांध्यात फेव्हिकॉल लावा, आणि स्क्रू मारायच्या आधी कर्ण मोजा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायचा, मग दुसरा कर्ण. दोन्ही सारखे आले की चौकट काटकोनात आहे, ४४ बाय २० ला कर्ण सव्वाअठ्ठेचाळीस इंचाच्या जरासा पुढं यायला पाहिजे. एक मोठा आला तर त्याच कर्णाची दोन टोकं धरून आत दाबायची, परत मोजायचं. गुण्या एवढ्या मोठ्या चौकटीला पुरत नाही, त्याची भुजा छोटी आणि चूक लांब गेल्यावर दिसते.

आठ नंबरच्या स्क्रूला आधी ३ एमएमचं भोक पाडायचंच. पाइन मऊ असलं तरी टोकाशी फाटतं. स्क्रू साबणाच्या वडीवर घासून घेतला की अलगद आत जातो. पाय चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, प्रत्येक पायाला दोन्ही बाजूनं दोन-दोन स्क्रू. खाली जमिनीपासून सहा इंचावर अजून एक अशीच चौकट, तिच्यावर उरलेल्या फळ्या टाकल्या की जड सामानाला कप्पा झाला आणि टेबल पण बसलं जागेवर. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते, टेबल डुलत असेल तर पाय घासायला घेऊ नका, टेबल फिरवून बघा, जागा बदलली की डुलणं बहुतेक वेळा जातं, नाही गेलं तर एक पातळ पाचर ठोका.

फेव्हिकॉल रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी प्लाय वरून स्क्रूनं बसवा, डोकी आत गाडलेली पाहिजेत, नाहीतर पुढं सर्किट त्या स्क्रूवर टेकून शॉर्ट होतंय.

दुसरं काम: सिरीज बोर्ड

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही जुन्या दुकानात भिंतीवर एक बल्ब आणि एक सॉकेट असलेला बोर्ड असतो. दुरुस्त केलेली वस्तू थेट घरच्या लाइनला लावायच्या आधी ह्या बोर्डाला लावायची. बल्ब त्या वस्तूच्या सिरीजमध्ये असतो, त्यामुळं वस्तूत शॉर्ट असलं तरी सगळा करंट बल्बमधून जातो आणि बल्ब त्याला अडवतो. १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टला जेमतेम ०.४३ अँपिअर जाऊ देतो. धूर नाही, फ्यूज उडत नाही, बल्ब तेवढा पेटतो आणि तुम्हाला कळतं की आत गडबड आहे.

बल्ब जुना तारेचा पाहिजे, पिवळ्या उजेडाचा. एलईडी किंवा सीएफएल चालणार नाही, त्यांच्या आत स्वतःचं सर्किट असतं. १०० वॅट मिळाला नाही तर ६० घ्या, छोट्या वस्तूंना तो उलट बराच पडतो.

सामान: पीव्हीसीचा सरफेस बोर्ड, एक पाटी होल्डर, एक ६ अँपचा स्विच, एक ६ अँपचं तीन पिनी सॉकेट, थ्री पिन टॉप (म्हणजे प्लग), आणि तीन कोअरची १ स्क्वेअर एमएम वायर दोन मीटर. जुन्या वायरीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ.

जोडायचा क्रम असा:

१. टॉपमधून आलेली लाल वायर स्विचच्या एका टोकाला.

२. स्विचच्या दुसऱ्या टोकापासून होल्डरच्या एका टोकाला.

३. होल्डरच्या दुसऱ्या टोकापासून सॉकेटच्या फेजला. सॉकेट समोरून बघितलं, मोठं भोक वर धरलं, तर फेज उजव्या हाताला येते. बहुतेक सॉकेटला मागं इंग्रजी एल लिहिलेलं असतं.

४. काळी वायर थेट सॉकेटच्या न्यूट्रलला, डाव्या हाताला.

५. हिरवी थेट मोठ्या भोकाला. हिरवी कधीच कापायची नाही, स्विचमधून न्यायची नाही, सोडून द्यायची नाही.

वायरीचं टोक सोलून तांब्याच्या तारा पिळून घ्या, दुमडा, मग स्क्रूखाली घाला. एक पण तार बाहेर लोंबता कामा नये. वायर बोर्डात शिरते तिथं आतून क्लँप लावा, म्हणजे कुणाच्या पायात अडकून ओढली गेली तरी जोडणी निघत नाही.

लाइनला लावायच्या आधी मीटर ओहमवर ठेवा. बल्ब बसवा, स्विच चालू करा, टॉपची फेज पिन आणि सॉकेटचं फेज भोक ह्यात मोजा. १०० वॅटच्या थंड बल्बला ३५ ते ४० ओहमच्या आसपास येतं. (पेटल्यावर तोच बल्ब पाचशेच्या वर जातो, तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून तर हा बोर्ड चालतो.) स्विच बंद केला की काहीच यायला नको. फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ, दोन्हीकडं काहीच यायला नको. हे सगळं जमलं तरच लाइनला लावा.

आता वाचायला शिका. काही लावलं नसेल तर बल्ब बंद. ट्रान्सफॉर्मर लावला की एक झटका उजेड येऊन मंद होतो किंवा विझतो, ट्रान्सफॉर्मर चांगला आहे. मोबाइलचा चार्जर लावला की क्षणभर चमकून बंद, चांगला. बल्ब पूर्ण पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट, वस्तू काढा. पण इस्त्री लावली तरी बल्ब जवळजवळ पूर्णच पेटतो आणि ती इस्त्री चांगली असते. १००० वॅटच्या इस्त्रीचा रेझिस्टन्स ५३ ओहमच्या आसपास, बल्बच्या मानानं एक दशांश, त्यामुळं जवळजवळ सगळा व्होल्टेज बल्बलाच मिळतो. म्हणून इस्त्री, गीझर, शेगडी असल्या वस्तू ह्या बोर्डावर पारखायच्या नाहीत, त्या मीटरनं. मिक्सरला बल्ब अर्धवट पेटतो आणि मोटर धड फिरत नाही, त्यात काही बिघाड नसतो. फ्रीज आणि पंप ह्याला लावूच नका.

एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. हा बोर्ड वस्तूला वाचवतो, तुम्हाला नाही. सॉकेटमध्ये पूर्ण २३० व्होल्ट आहे आणि बल्बमधून जाणारा ०.४३ अँपिअर माणसाला मारायला भरपूर झाला. उघड्या सर्किटला हात लावायचा तर टॉप काढून, नुसता स्विच बंद करून नाही. शिवाय कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय), टीव्ही असल्या वस्तूंत मोठा कपॅसिटर असतो, त्यात ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठतो आणि टॉप काढल्यावर पण काही काळ राहतो. मायक्रोवेव्ह तर नव्या माणसानं उघडायचाच नाही, भंगारात फुकट मिळाला तरी नाही. त्यातला ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्टच्या पुढं जातो आणि मागं करंट द्यायची ताकद असते. व्हिडिओत त्या ट्रान्सफॉर्मरनं लाकडावर विजेची नक्षी काढताना दाखवतात, त्यात अनुभवी माणसं गेलेली आहेत. कळकळीनं सांगतोय, त्या वाटेला जाऊ नका.

तिसरं काम: पॉवर सप्लाय

आता सोल्डरिंग. आधी जुन्या बोर्डाचे तुकडे आणि तारेचे बारीक तुकडे घेऊन सराव करा. आयर्नचं टोक ओल्या स्पंजला पुसायचं, त्यावर किंचित सोल्डर लावायचं, मग टोक तार आणि पॅड दोघांना एकदम टेकवायचं, दोनएक सेकंद थांबायचं, आणि सोल्डर आयर्नला न लावता सांध्याला लावायचं. सांधा पुरेसा तापला असेल तर सोल्डर स्वतः वितळून पसरतं, ६०-४० चं सोल्डर १९० डिग्रीच्या आत पातळ होतं. चांगला सांधा चकचकीत आणि उतरता, देवळाच्या शिखरासारखा दिसतो. मण्यासारखा गोल गोळा झाला असेल तर तो नुसता वर बसलाय, धरलेला नाही. सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झालं की साबणानं हात धुवायचे, चहा-बिस्किट टेबलावर आणायचं नाही.

सर्किटला लागणारं सामान: ०-१२ व्होल्टचा १ अँपचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन ५४०८ डायोड, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, एलएम ३१७ आयसी (बाहेर किती व्होल्ट द्यायचे ते हाच सांभाळतो), १२० ओहमचा रेझिस्टर, १ किलोओहमचा लिनिअर पॉट (बटण फिरवून कमीजास्त होणारा रेझिस्टर), ०.१ आणि १ मायक्रोफॅरडचे दोन छोटे कपॅसिटर, एक एलईडी, २.२ किलोओहमचा रेझिस्टर, हीटसिंक (आयसीची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा), अभ्रकाची चकती, अर्ध्या अँपचा काचेचा फ्यूज होल्डरसकट, लाल आणि काळं टर्मिनल, आणि एक प्लास्टिकचा बॉक्स. लोखंडी बॉक्स घेतला तर त्याला अर्थ जोडलाच पाहिजे.

३१७ का, तर त्याचा हिशोब सोपा आहे. आउटपुट म्हणजे १.२५ गुणिले, एक अधिक पॉट भागिले १२०. पॉट शून्यावर तर १.२५ व्होल्ट, पॉट पूर्ण १००० वर तर ११.६७. बऱ्याच नकाशात १२० च्या जागी २४० दाखवतात, पण ३१७ ला नीट चालायला वाईटात वाईट वेळी १० मिलिअँप लागतो, तो १२० मुळं आपोआप वाहत राहतो आणि लोड नसताना व्होल्टेज वर चढत नाही.

डायोडवर पांढरी पट्टी असते. दोन डायोडच्या पट्ट्या जिथं एकत्र येतात ते प्लस, दोन बिनपट्टीची टोकं जिथं येतात ते मायनस, उरलेल्या दोन सांध्यांना ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टच्या बाजूच्या दोन तारा. मोठ्या कपॅसिटरवर पट्टीची बाजू मायनस, उलटा लावला तर तो फुटतो, म्हणून हे दोनदा बघा. २.२ किलोओहम आणि एलईडी सिरीजमध्ये ह्याच कपॅसिटरवर जोडायचे, चालू असल्याचा दिवा पण झाला आणि बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करायचं काम पण तेच करतात.

आता इथं थांबा, आयसी लावू नका. प्रायमरीला (ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला) फ्यूज आहे ना बघा, आणि आपण केलेल्या सिरीज बोर्डाला टॉप लावा. बल्ब चमकून विझला, एलईडी लागला, मीटरवर कपॅसिटरला १५ ते १८ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी आलं, की पहिला टप्पा बरोबर. बल्ब पेटून राहिला तर बहुतेक एखादा डायोड उलटा आहे.

टॉप काढा, एलईडी पूर्ण विझू द्या, मग आयसी. छापलेली बाजू तुमच्याकडं, पाय खाली, तर डावीकडून ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट. ७८०५ (ठरलेले ५ व्होल्ट देणारा असाच आयसी) वापरलेला असेल तर तिथं डावीकडं इनपुट असतो, त्या सवयीनं लावायचं नाही. इनपुट कपॅसिटरच्या प्लसला, आउटपुट लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, आउटपुट आणि ॲडजस्टच्या मधे १२०, ॲडजस्टपासून मायनसपर्यंत पॉट. १२० ओहम आयसीच्या पायाला लागूनच लावा, लांब तारेनं नको. ०.१ इनपुटपाशी, १ आउटपुटपाशी, दोन्हींचं दुसरं टोक मायनसला, आणि १ वाल्यावर प्लस-मायनस छापलेलं असेल तर प्लस आउटपुटकडं. आयसीची धातूची पाठ आतून आउटपुटला जोडलेली असते, म्हणून हीटसिंकला लावताना मधे अभ्रक, आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश. बसवून झाल्यावर पाठ आणि हीटसिंक ह्यात मीटरनं काही येत नाही ना बघा.

परत सिरीज बोर्ड, परत मीटर. पॉट फिरवा, सव्वा व्होल्टपासून साडेअकराच्या पुढं जायला पाहिजे. उलटं फिरवल्यावर वाढत असेल तर पॉटची कडेची तार काढून दुसऱ्या कडेला लावा. आता घरच्या लाइनला लावून ५ व्होल्टवर ठेवा आणि १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर टर्मिनलवर लावा. अर्धा अँपिअर जातो. आत १५ व्होल्ट येतायत, बाहेर ५ जातायत, मधले १० गुणिले अर्धा म्हणजे ५ वॅटची उष्णता एकट्या आयसीत होते. हीटसिंकला दहा मिनिटांनी बोट लावून बघा (ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला हात नेऊ नका), बोट ठेवता येत नसेल तर हीटसिंक छोटा पडतोय. ट्रान्सफॉर्मर १ अँपचा असला तरी ब्रिज (म्हणजे ते चार डायोड) आणि कपॅसिटरनंतर डीसी साधारण ०.६ अँपिअरच्या वर घ्यायचा नाही, नाहीतर तो आतून तापत राहतो.

पॉटच्या बटणाभोवती कागदाची चकती लावा, मीटर बघत ३, ५, ६ आणि ९ व्होल्टच्या खुणा पेननं करा आणि वरून पारदर्शक टेप. मोबाइल ह्यावर चार्ज करू नका, बटणाला धक्का लागला की ५ चे ९ व्हायला वेळ लागत नाही.

पहिलं काम ह्याला द्यायचं ते सोल्डरच्या धुराचं. जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला १२ व्होल्टचा फॅन काढा, टेबलाच्या मागच्या कडेला दोन पट्ट्यात उभा बसवा, हवा तुमच्याकडून खिडकीकडं जाईल असा. कडेला बाण छापलेला असतो, त्यावरून दिशा कळते. लाल तार लाल टर्मिनलला, काळी काळ्याला, पिवळी असेल तर मोकळी सोडून टोकाला टेप. ९ व्होल्टवर तो आवाज न करता चालतो आणि सोल्डरचा धूर तोंडावर यायचा बंद होतो.